‘तुझा इगो अजून गळलेला नाही’

प्रश्न देवगडकडच्या ३१ वर्षांच्या एका तरुणाचा आहे. पुण्यातली नोकरी घरून करता येऊ लागल्यापासून ते गावीच असतात. गेली दोन वर्षे तेरेखोलच्या खाडीपलीकडे भरणाऱ्या एका ‘सर्कल’ला, म्हणजे गटाच्या बैठकीला, ते जातात. तिथे जाणीव बदलणारे मशरूम आणि कधी कधी ॲसिड, म्हणजे एलएसडी, घेतले जाते, आणि त्याला ‘मेडिसिन’ म्हणतात. मागच्या वेळी सकाळच्या शेअरिंगमध्ये बारसूच्या रिफायनरीचा विषय निघाला. सगळे विरोधातले. ह्यांनी एवढेच म्हटले की माझ्या थोरल्या भावाला प्रकल्प हवा आहे आणि त्याचे म्हणणे मला समजते. त्यावर बैठक चालवणारे फॅसिलिटेटर म्हणाले, “तुझा इगो अजून गळलेला नाही. मेडिसिन नीट लागले असते तर हे तू बोललाच नसतास.” पुढच्या दोन बैठकांचा निरोप ह्यांना आला नाही. त्यांचे विचारणे असे: ही द्रव्ये माणसाला एका ठराविक राजकीय मताकडे खरेच नेतात का? नेत असतील तर माझ्यातच काही कमी आहे का? पुन्हा बोलावले तर जावे का? आणि अगदी शेवटी एक ओळ: सर्कलमधल्या एका मित्राने तिथल्या सल्ल्यावरून लिथियमच्या गोळ्या बंद केल्या आहेत, त्याबद्दल काही करावे का?

त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, बाकीचे थांबू शकते. मित्राला आजच फोन करा. लिथियम हे बायपोलर आजारावरचे औषध. ते अचानक बंद केले की मॅनिया, म्हणजे उन्माद, उलटण्याची शक्यता बरीच वाढते. तो उलटतो तेव्हा माणसाला आपण आजारी आहोत असे वाटतच नाही. जन्मात पहिल्यांदा सगळे लख्ख दिसते आहे असे वाटते. दुसरी बाजूही सांगते: लिथियम चालू असताना ॲसिड किंवा मशरूम घेणेही धोक्याचे आहे. लोकांनी स्वतः लिहून ठेवलेल्या अनुभवांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लिथियमबरोबर अशी द्रव्ये घेतल्याच्या नोंदींपैकी ४७ टक्के नोंदींत फिट आल्याचा उल्लेख होता. अशा नोंदींवरून नेमके प्रमाण ठरवता येत नाही, कारण ज्याला त्रास होतो तोच लिहायला बसतो, पण सावध व्हायला एवढे पुरे. तेव्हा गोळी चालू असताना मेडिसिन नाही, आणि मेडिसिनसाठी गोळी बंद करणेही नाही. ज्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या त्यांच्याकडे त्याला घेऊन जा आणि काय घेतले, किती घेतले, ते खरे सांगू द्या. उपचारातली माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला दिलेला आहे. त्याला सलग दोन रात्री झोप नसेल, बोलणे थांबत नसेल, पैसे वाटत सुटला असेल, तर सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका. रात्रीअपरात्री निदान १४४१६ वर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा आणि त्याला एकटे ठेवू नका.

आता बाकीचे.

मी सिंधुदुर्गात २२ वर्षे मानसोपचार करते. ही द्रव्ये मी कुणाला देत नाही, घ्या म्हणत नाही. एलएसडी आणि मशरूममधले सायलोसायबिन या दोन्हींवर आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याने बंदी आहे. माझ्याकडे माणसे येतात ती नंतर, कुणी दोन दिवसांनी, कुणी दोन वर्षांनी. गोव्याची हद्द जवळ, त्यामुळे अगदी सुरुवातीपासून ती मला दिसत आली. पूर्वी हणजूण, हरमलच्या पार्ट्यांतून पोरे थेट उचलून आणलेली असत. त्यांना मी विचारायची ते साधे होते: काय घेतले, केव्हा घेतले, घरात कुणाला असा आजार होता का. गेल्या आठ-दहा वर्षांत येणारे वेगळे आहेत. ते एक अख्खे विचारविश्व घेऊन येतात आणि त्यातला एक चिरा जरी हलला तरी आपण सगळेच कोसळू अशा भीतीत असतात. म्हणून तुमचा प्रश्न मला नुसता राजकारणाचा वाटत नाही.

ही द्रव्ये माणसाला एका राजकीय मताकडे नेतात, याला जो आधार दिला जातो तो मी वाचला आहे. लंडनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ८९३ लोकांची ऑनलाइन पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांनी अशी जाणीव बदलणारी, म्हणजे सायकेडेलिक, द्रव्ये जास्त वेळा घेतली होती ते जास्त उदारमतवादी आणि हुकूमशाही वृत्तीपासून दूर निघाले. पण मुळात अशा पाहणीत भाग घ्यायला कोण येतो? ही द्रव्ये घ्यायला आधी कोण गेले होते? मासळीबाजारात उभे राहून ‘तुम्ही मासे खाता का’ विचारले तर उत्तर काय येणार ते माहीतच असते. दुसरा आधार २०१८ चा. उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या सात रुग्णांना सायलोसायबिन दिले आणि सात निरोगी माणसांशी त्यांची तुलना केली. रुग्णांच्या हुकूमशाही मतांचा आकडा खाली आला. सात माणसे! आणि नैराश्य हटले की माणूस तसाही जगाकडे कमी कडवटपणे पाहतो, हे मी रोज साध्या गोळ्यांवरही पाहते. संशोधकांनी ते प्राथमिक म्हणून मांडले होते. सर्कलमध्ये ते सिद्धान्त होऊन पोचले.

इतिहास तर उलटेच सांगतो. मेक्सिकोतल्या वाउत्ला गावच्या मारिया साबिना यांच्या मशरूम-विधीची बातमी १९५७ मध्ये एका बड्या अमेरिकी साप्ताहिकातून जगभर नेणारे गॉर्डन वॉसन हे जे. पी. मॉर्गन बँकेचे उपाध्यक्ष होते. त्या साप्ताहिकाचे मालक हेन्री ल्यूस पक्के रिपब्लिकन, आणि त्यांनी व त्यांच्या पत्नीने स्वतः एलएसडी घेतले होते. एलएसडीचा शोध लावणारे आल्बर्ट हॉफमन यांनी १९५१ मध्ये ज्यांच्यासोबत ते घेतले ते एर्न्स्ट युंगर जर्मनीतले नामांकित उजवे लेखक होते. त्याच दशकात अमेरिकेची गुप्तहेर संस्था हेच द्रव्य चौकशीचे हत्यार म्हणून तपासत होती. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथात शिष्यांना दीक्षेच्या वेळी एलएसडी दिले जाई. हातात झेंडा घेऊन युद्धाविरुद्ध चालणारी साठच्या दशकातली मुलेही तेच घेत होती. आजही तसेच आहे: २०२५ मध्ये इबोगेन या अशाच एका द्रव्याच्या संशोधनासाठी पाच कोटी डॉलर मंजूर करणारे टेक्सास हे रिपब्लिकन सत्तेखालचे राज्य आहे. ब्रायन पेस आणि नेशे देवेनो या अभ्यासकांनी २०२१ च्या एका लेखात हाच मुद्दा नीट मांडला. त्यांचा निष्कर्ष असा की ही द्रव्ये कुठल्याही राजकारणाला खतपाणी घालू शकतात. कुठले, ते घेणाऱ्यावर आणि त्याच्या भोवतालावर ठरते.

मग माणसाला ‘हेच खरे’ असे इतक्या जोराने का वाटते? याबद्दल माहिती थोडी आहे, पण आहे ती मोलाची. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लंडनच्या संशोधकांनी दहा निरोगी माणसांना एलएसडी देऊन पाहिले, तेव्हा सूचनेला बळी पडण्याची त्यांची वृत्ती वाढलेली दिसली. २०१७ मध्ये झुरिकला असे दिसले की एरवी निरर्थक वाटणारी गाणी एलएसडीच्या अमलाखाली अर्थपूर्ण वाटू लागतात, आणि ही द्रव्ये मेंदूत जिथे जाऊन चिकटतात ते ५-एचटी२ए हे रिसेप्टर आधीच औषधाने अडवले तर हा परिणाम जातो. म्हणजे ‘याला फार अर्थ आहे’ ही भावना मेंदूत स्वतंत्रपणे चेतवता येते. समोर अर्थ असो वा नसो.

तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा प्रयोग २०२० चा, पुन्हा झुरिकचाच. लोकांना कलाकृती दाखवून त्या कितपत आवडल्या ते विचारले, मग गटाचे मत दाखवले, आणि काही वेळाने तेच पुन्हा विचारले. एलएसडी घेतलेली माणसे गटाकडे अधिक सरकली. पण केव्हा? गटाचे मत त्यांच्या स्वतःच्या मताच्या आसपासचे होते तेव्हाच. लांबच्या मताकडे नेण्यात एलएसडीची काही भर पडली नाही. हा प्रयोग चित्रांचा होता, रिफायनरीचा नव्हता, त्यावरून फार लांबची उडी मी मारणार नाही. पण माझ्या खोलीत जे दिसते त्याच्याशी तो जुळतो. चौदा-पंधरा माणसे जमतात ती मुळातच थोडीफार एका विचाराची असतात. रात्रभरात ती आणखी जवळ येतात. पहाटे त्यांना वाटते की आपल्याला सत्य सापडले, आणि पुरावा म्हणून ती एकमेकांकडे बोट दाखवतात: बघा, सगळ्यांना तेच दिसले.

तुमची बैठक एका बाजूची होती. मला दुसऱ्या बाजूच्याही ठाऊक आहेत. तिथे पृथ्वीमातेऐवजी सोमरसाचे नाव असते, आणि वसाहतवादातून मुक्तीऐवजी राष्ट्राच्या पुनर्जागरणाची भाषा. ऋषी हेच घेत होते, आपणच ते विसरलो, असे सांगितले जाते. ऋग्वेदाचे नववे मंडल सोमाचे आहे हे खरे. पण सोम म्हणजे मशरूम हा अंदाज १९६८ मध्ये मांडला तो त्याच अमेरिकी बँकरने, वॉसन यांनी. केंब्रिजचे संस्कृतज्ञ जॉन ब्रॉ यांनी १९७१ मध्ये त्यावर कडक आक्षेप घेतले. सोम म्हणजे एफेड्रा हे झुडूप असेही मानणारे अभ्यासक आहेत, आणि वाद मिटलेला नाही. अशा एका बैठकीतून बाहेर पडलेले गृहस्थ माझ्याकडे आले होते (इथल्या सगळ्या माणसांचे तपशील मी ओळख पटू नये इतके बदलले आहेत). त्यांनी विचारले होते, माझ्या लहानपणापासूनच्या मुसलमान दोस्ताला पुढच्या वेळी घेऊन येऊ का? उत्तर मिळाले, “तुझे संस्कार अजून शुद्ध झालेले नाहीत.”

तुमचे वाक्य आणि त्यांचे वाक्य शेजारी ठेवून पाहा. एकीकडे इगो, दुसरीकडे संस्कार. दोन्ही वाक्यांनी तुमचे म्हणणे बाजूला सारले आणि म्हणणाऱ्याचेच निदान केले. अशा वाक्याला उत्तर देता येत नाही. विरोध केलात की तोच पुरावा ठरतो. निदान करणे हा माझा पेशा आहे, म्हणून सांगते: ज्या निदानाला चूक ठरवण्याची एकही वाट ठेवलेली नाही ते निदान नसते. माझ्याही क्षेत्रात हे पाप झालेले आहे. ‘तुम्हाला इनसाइट नाही’, म्हणजे आजाराची जाण नाही, हे शब्द आम्ही कधी कधी असेच वापरतो, आणि रुग्णाची योग्य तक्रारही त्याखाली पुरतो.

आपल्या गावांतून माणसांच्या अंगात येते, देव बोलतो, रात्रभर ढोल वाजतात. कोकणातल्या माणसाला बदललेल्या जाणिवेची सवय नवी नाही. गाऱ्हाणे घालताना एकजण बोलतो आणि बाकी सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तुमचे सर्कल पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला तेच आठवले. पण नीट पाहिले तर गावाने त्याला कुंपणे घातलेली आहेत. गाऱ्हाणे संपले की ‘व्हय म्हाराजा’ संपतो. कौल लावला तर तो उजवा येतो तसा डावाही येतो, आणि डावा आला की मानकरी खाली बसून पुन्हा बोलतात. ज्याच्या अंगात अवसर येतो तो दुसऱ्या दिवशी पंचायत चालवायला बसत नाही. तो आपल्या शेतात, आपल्या होडीवर जातो. रात्री देवाचा शब्द कुणी बोलायचा आणि सकाळी गावाचा निर्णय कुणी घ्यायचा, ही माणसे वेगळी ठेवलेली आहेत. तुमच्या सर्कलमध्ये द्रव्य देणारा, रात्री सांभाळणारा, सकाळी अर्थ लावणारा आणि पुढच्या वेळी कुणाला निरोप धाडायचा ते ठरवणारा माणूस एकच आहे.

गावाची बाजू मी गोड करून सांगत नाही. गावकीने घरेच्या घरे वाळीत टाकल्याच्या तक्रारी रायगड-रत्नागिरीतून इतक्या आल्या की महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. विहिरीवर पाणी नाही, दुकानात सामान नाही, मयताला खांदा नाही. माझ्याकडे वाळीत पडलेल्या घरांतली माणसे येत आली आहेत, आणि सर्कलमधून काढलेली माणसेही. दोघांची झोप सारखीच जाते. दुसऱ्यांची लाज मात्र जास्त असते, कारण त्यांना असे सांगितलेले असते की इथे कुणालाच बाहेर ठेवत नाहीत.

यात कायद्याचाही हात आहे, आणि हे फारसे बोलले जात नाही. आपल्याकडे एलएसडीची व्यापारी मात्रा ०.१ ग्रॅमपासून मोजतात, आणि ती सापडली तर किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. अशा धोक्याखाली जमलेल्या माणसांच्या हातात एकमेकांचे आयुष्य असते. तिथे ‘मला पटत नाही’ याचा अर्थ लगेच ‘हा उद्या कुठे बोलेल का’ असा लावला जातो. मतभेद आणि फितुरी यांच्यातले अंतर इतके कमी राहते की साध्या, सज्जन माणसांनाही गप्प बसणे शहाणपणाचे वाटते. तुम्हाला निरोप न आल्याचे कारण कदाचित रिफायनरी नसेलही. तुमचे वेगळे बोलणे ऐकून कुणाला तरी भीती वाटली असेल.

आणि ‘आपण सगळे एकच आहोत’ या भावनेचे काय? ती खोटी नाही. माणसे ती सांगताना रडतात आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी वारंवार आठवते. एकत्र बसून आयाहुआस्का हा दक्षिण अमेरिकेतला सायकेडेलिक काढा घेणाऱ्या इस्रायली आणि पॅलेस्टिनी लोकांच्या त्यात मुलाखती होत्या. शत्रूच्या भाषेतले गाणे ऐकून त्यांच्यात खरीखुरी माया जागी झाल्याचे प्रसंग त्यात आहेत. त्याच अभ्यासात हेही आहे की अनेकदा राजकारण, जमिनीचा वाद, कुणावर कुणाची सत्ता, हे विषय बैठकीबाहेरच ठेवले जात, एकोपा बिघडू नये म्हणून. एकोपा टिकत होता तो न बोलण्यावर. बारसूत २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणावरून जे आंदोलन झाले ते ज्यांनी जवळून पाहिले त्यांना ठाऊक आहे की एकाच घरात, एकाच चुलीवर दोन मते शिजत होती. जमीन जाणाऱ्याची भीती खरी होती, आणि मुंबईला भाड्याच्या खोलीत अर्धे आयुष्य काढून आलेल्या चाकरमान्याला गावात काम हवे होते हेही खरे होते. तुम्ही ते दुसरे मत स्वतःचे म्हणूनही मांडले नव्हते. भावाचे म्हणणे समजते, एवढेच म्हणालात. एकत्वाची भाषा बोलणाऱ्या खोलीत तेवढेही मावले नाही.

मी इतकी पोटतिडकीने का सांगते आहे ते आता सांगते.

काही वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता एक बाई आपल्या मुलाला रिक्षातून घेऊन आल्या. “डॉक्टरांनू, माजो झील सात दिस निजलो नाय,” म्हणाल्या. मुलगा सव्वीसचा, देखणा, डोळे लकाकत होते, आवाज बसलेला होता तरी बोलणे थांबत नव्हते. सर्कलनंतर पाच दिवस त्याला एका भाड्याच्या घरात ठेवले होते. त्याची ‘प्रोसेस’ चालू आहे, इंटिग्रेशन होते आहे, म्हणजे अनुभव मुरतो आहे, हॉस्पिटल म्हणजे व्यवस्थेच्या हातात देणे, असे ठरले होते. शेवटी तो स्वतःच चालत घरी आला, अनवाणी, रात्रभर. मामाला पूर्वी असाच आजार होता, हे आईला ठाऊक होते. तिला कुणी विचारले नव्हते. मुलगा जागेवर यायला दोन महिने लागले आणि नोकरी गेली ती गेलीच.

नंतर त्याच्या दोन मैत्रिणी मला भेटायला आल्या. दोघींनाही दुसऱ्याच दिवशी कळले होते की हे काही तरी वेगळे आहे. मग बोलल्या का नाहीत? मागच्या वर्षी एकाने कुणाला तरी डॉक्टरकडे न्यायचे सुचवले होते, त्याला ‘भीतीतून बोलतोस’ म्हणून गटातून काढले होते. त्या दोघी वाईट नव्हत्या. त्या त्या मुलावर प्रेम करत होत्या. पण जिथे रिफायनरीवर, लसीवर, देवळावर वेगळे बोलायची सोय नाही, तिथे ‘हा आजारी दिसतो’ म्हणायचीही सोय उरत नाही. तोंड एकच असते. ते एका विषयावर बंद ठेवायची सवय लागली की दुसऱ्यावर ऐन वेळी उघडत नाही. तुमच्या मित्राच्या लिथियमबद्दल तुम्ही मला विचारलेत, सर्कलमध्ये बोलला नाहीत. का, ते तुम्हीच ओळखा.

मोठ्या पातळीवरही हेच झाले आहे. एमडीएमएच्या (पार्ट्यांतल्या ‘एक्स्टसी’च्या) मदतीने आघातोत्तर ताणावर उपचार करण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेपुढे होता. जूनमध्ये सल्लागार समितीने ९ विरुद्ध २ मतांनी सांगितले की उपयुक्तता पुरेशी दिसत नाही, आणि ऑगस्टमध्ये एफडीएने मंजुरी नाकारली. समितीपुढे आलेल्या आक्षेपांत औषधाच्या परिणामांपलीकडचेही काही होते: चाचण्यांभोवतीचे वातावरण इतके भारलेले होते की चांगलेच अनुभव सांगावेत असा दाब वाटत होता. कॅनडातल्या एका चाचणीत थेरपिस्टने रुग्णाशी गंभीर गैरवर्तन केल्याचे २०१५ चे प्रकरण होते, आणि त्या केंद्राच्या माहितीवर आधारलेले तीन शोधनिबंध २०२४ मध्ये मागे घेतले गेले. ज्यांनी हे बोलून दाखवले त्यांच्यावर सायकेडेलिक समुदायातूनच राग निघाला. इतक्या वर्षांच्या कामावर पाणी पाडले म्हणून.

आणि तरी त्याच समुदायात याच्या उलट वागणेही सापडते. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ टिमथी लिअरी यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कॉन्कॉर्डच्या तुरुंगात कैद्यांना सायलोसायबिन दिले आणि सुटल्यावर ते गुन्ह्याकडे कमी वळले असे जाहीर केले. ही कथा पस्तीस वर्षे अभिमानाने सांगितली गेली. १९९८ मध्ये रिक डॉब्लिन यांनी जुन्या नोंदी काढून पुन्हा हिशेब केला, आणि दावा टिकत नाही असे छापले. डॉब्लिन कुणी विरोधक नव्हते. १९८६ मध्ये मॅप्स ही संस्था स्थापन करून ज्यांनी सगळे आयुष्य या द्रव्यांना मान्यता मिळवण्यात घातले, तेच हे. पुढे त्यांच्याच संस्थेतून निघालेल्या कंपनीचा एमडीएमएचा अर्ज नाकारला गेला, हे वर आलेच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कॉन्कॉर्डचा तो निबंध मात्र मी तरुण डॉक्टरांना आवर्जून वाचायला देते.

डॉक्टरांची बाजूही मला इथे लपवायची नाही. आमच्याही बैठकांत ‘व्हय म्हाराजा’ असतो. २०२२ मध्ये २३३ रुग्णांवरच्या चाचणीत नैराश्यासाठी सायलोसायबिनच्या २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेचा तीन आठवड्यांनी चांगला परिणाम दिसला. काहींना आत्महत्येचे विचार आल्याची नोंदही त्यातच होती. त्यानंतर एका वैद्यकीय बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी या सगळ्याला ‘नशेखोरांचे फॅड’ म्हणून निकालात काढले, आणि मी ती चाचणी वाचलेली असूनही गप्प बसले. त्याच आठवड्यात एका मुलीने मला सांगितले की आधीच्या डॉक्टरांनी मशरूमचे नाव काढताच तिला गर्दुल्ली ठरवले, म्हणून तिने पुढे कुणालाच खरे सांगितले नाही. माझे ते गप्प बसणे मला अजून टोचते. सर्कलमधली माणसे आमच्याकडे का येत नाहीत, याचे अर्धे उत्तर आमच्याकडे आहे.

तुमच्यात काही कमी नाही. रात्रभर मन उघडे पडल्यावरही सकाळी तुम्हाला भावाचा चेहरा आठवला, त्याचे म्हणणे आठवले, आणि चौदा माणसांसमोर ते तुम्ही मांडलेत. भावाशी तुमचे सगळे पटते का, प्रकल्प यावा की नाही, यावर मला काही म्हणायचे नाही.

परत जावे का, याचे उत्तर डॉक्टर म्हणून मी ‘जाऊ नका’ असेच देणार. कायद्याचा धोका आहे, द्रव्यात काय मिसळले आहे ते कुणी तपासत नाही, आणि गोळ्या बंद करायला सांगणारा माणूस तिथे अजून आहे. घरात बायपोलर, स्किझोफ्रेनिया किंवा दीर्घ झोपमोडीचा इतिहास असेल तर माझे ‘नाही’ आणखी पक्के समजा. पण ही माणसे तुमची दोन वर्षांची सोबत आहेत आणि सोबत सहज सुटत नाही, हेही मला कळते. तर त्यांना दिवसा भेटा, कुठल्याही द्रव्याविना, कुणाच्या तरी पडवीत किंवा बाजारपेठेतल्या हॉटेलात चहा घेत. एकाला भेटा, सगळ्यांना एकदम नको. एकटा माणूस बहुतेक वेळा गटापेक्षा जास्त ऐकतो. ज्यांना तुमच्या बोलण्याने भीती वाटली असेल त्यांना आधी सांगा की मी कुठे काही बोललेलो नाही. मग विचारा की आपल्यातला कुणी आजारी पडला तर डॉक्टरकडे न्यायचे कुणी ठरवायचे, आणि ते सुचवणाऱ्याला काढणार नाही असे आपण ठरवू शकतो का. उत्तरात तुमचा इगो निघाला तर उठून घरी या.

आणि दोन वाक्ये सांगायची आहेत. एक, माझ्या भावाबद्दल मी बोललो ते मी मागे घेत नाही. दुसरे, आपल्या मित्राला मी डॉक्टरकडे नेले आहे, आता त्याला गोळ्या बंद करायला कुणी सांगू नये. दुसरे आधी सांगा. पहिल्याला वेळ आहे.